परतीची चिठ्ठी

सुगत हा टेमघरचा रहिवासी. भिवंडीच्या एका गोदामात बावीस वर्षे तो माल उतरवून घेण्याचे काम करीत होता. ट्रक आला की चलन तपासावे, शिक्का मारावा, एक प्रत ठेवावी आणि दुसरी पोहोच म्हणून माल धाडणाऱ्या पार्टीला परत पाठवावी, हा क्रम त्याच्या हाडीमांसी मुरला होता.

त्याच्या मातोश्री चंपाबाई यांचे या जगाकडे एकच मागणे उरले होते. मणक्याने दगा दिल्यापासून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. क्षणभर बसणेही त्यांना असह्य होई. तथापि एकदा दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर माथा टेकावा, ही आस त्यांनी सोडली नव्हती. सुगतने रुग्णवाहिकेचे नाव काढले तेव्हा त्या फणकारल्या.

"मढ्यावानी निजून मी बाबासाहेबांच्या दारी जायची न्हाय. मानसानं मानसाच्या गाडीतून जावं."

पुढे कंपनीने सुगतला तीन महिन्यांसाठी काठमांडूच्या गोदामात धाडले. तेथे एक वृद्ध डच दांपत्य आपली मोटार विकीत होते. मोटार कसली, चालते घरच ते. आत शेगडी, पाण्याची टाकी, आणि खिडकीलगत रुंद पलंग. त्या पलंगावर बाहेरची शेते पाहत निजलेली आई सुगतला तत्क्षणी दिसली. आयुष्याची पुंजी ओतून त्याने ती गाडी घेतली. डच गृहस्थाने त्याला आपल्या सहीचे अधिकारपत्र आणि सीमेवर दाखवायचे गाडीचे एक पुस्तक दिले. सीमेवर अधिकाऱ्याने पुस्तकात शिक्का मारून एक चिठ्ठी फाडून घेतली. डाव्या बाजूचे स्टिअरिंग सांभाळीत सुगत सहाव्या दिवशी, ऐन मार्चच्या उन्हात, भिवंडीस पोचला. वस्तीतली पोरेबाळे गाडीभोवती जमली. चंपाबाईंनी खाटेवरूनच पदराने डोळे पुसले.

त्याच रात्री सुगतने पुस्तकातली दुसरी, कोरी चिठ्ठी काढली, तिच्यावर 'माल मिळाला' असे लिहून सही केली आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने हॉलंडला रवाना केली.

सप्टेंबरच्या अखेरीस, नागपूरला निघण्यापूर्वी महाराष्ट्राचा नंबर घ्यावा म्हणून तो आरटीओच्या कचेरीत गेला. कुमार नावाच्या बाबूने पुस्तक उलटसुलट चाळले आणि साहेबांना बोलावले. साहेबांनी शांतपणे समजावले की अशा पुस्तकावर आलेली गाडी पाहुणी असते; सहा महिन्यांत तिने देशाबाहेर जायचे असते, तिला विकता येत नाही की ठेवता येत नाही.

"बाहेर जायची चिठ्ठी कुठे आहे?" त्यांनी विचारले.

"पार्टीला पाठवली, साहेब," सुगत म्हणाला. "पोहोच म्हणून."

कुमार हसला. साहेब हसले नाहीत. त्या चिठ्ठीवाचून गाडी आता बाहेरही नेता येणार नव्हती.

चार दिवसांनी कस्टमवाल्यांनी पंचनामा करून गाडी जप्त केली. सरकारी आवारात जागा नव्हती, म्हणून गाडी सुगतच्याच दारात, त्याच्याच ताब्यात लिहून दिली गेली. दरवाजांवर मात्र लाखेची सीले बसली. चिठ्ठी परत मागण्यासाठी हॉलंडला धाडलेल्या पत्राला उत्तर आले नाही. पत्नी माधवी एवढेच म्हणाली, "आख्ख्या दुनियेला तुमी गोदाम समजलात."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वस्तीची बस नागपूरला निघाली. शेजारचा मिलिंद चंपाबाईंच्या पाया पडून गेला. त्या सकाळी सुगतने भीत भीत पुन्हा रुग्णवाहिकेचे विचारले होते. त्यांनी मान हलवून नकार दिला होता. आता त्या खिडकीतून गाडीकडे पाहत होत्या.

"सुगत, इतकुसा तो लाखेचा गोला. तोडला तर काय व्हईल?"

"मला धरून नेतील, आई."

"मंग ऱ्हाऊ दे." खिडकीवरची नजर काढून त्या म्हणाल्या, "माजी खाट फिरव. भिंतीकडं तोंड कर माजं."

त्याने माधवीला हाक मारली. दोघांनी दोन बाजू धरून खाट हलकेच फिरवली. चंपाबाईंनी डोळे मिटले नाहीत. त्या भिंत पाहत राहिल्या, आणि सुगत खाटेचा पाया धरून तसाच जमिनीवर बसून राहिला.