सुलाबाईंना काय आवडतं

“आई, काय खावंसं वाटतंय तुम्हाला?”

सून तेजल ओट्यापाशी उभी राहून विचारत होती. सुलाबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. त्यांचे हात तिथल्या तिथे थांबले.

“का गं?”

“सहज. मंगळवारी स्कॅन आहे ना. उद्यापासून भात, साखर, बटाटा सगळं बंद. म्हटलं, आज रविवार आहे, तुमच्या आवडीचं करू काहीतरी.”

सुलाबाई घाबरल्याच.

आता यात घाबरण्यासारखं काय होतं, असं कोणीही म्हणेल. सून सासूला आवडीचं विचारते म्हणजे केवढं भाग्य! पण एकोणसाठ वर्षांत हा प्रश्न सुलाबाईंना कधी कोणी विचारलाच नव्हता. त्या पळी धरणाऱ्या बाजूच्या. इंदिरानगरातल्या एका शाळेत बावीस वर्षं पोरांची खिचडी शिजवत होत्या. कोणता पोरगा वाटाणे काढून टाकतो आणि कोणती पोरगी डब्यात घालून धाकट्या भावासाठी नेते, हे त्यांना तोंडपाठ. आणि हा प्रश्न माणसाला केव्हा विचारतात, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण एकदा तो त्यांनीच विचारला होता.

सहा वर्षांपूर्वी. मालक, भिकन पगारे, पिवळे पडून खाटेवर होते. डॉक्टरांनी सुलाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “घरी न्या. मागतील ते खायला घाला.” घरी आल्यावर सुलाबाई चेहरा हसरा ठेवून म्हणाल्या होत्या, “काय खावंसं वाटतंय?” भिकन म्हणाले, “का गं?” आणि सुलाबाई म्हणाल्या, “सहज.” त्यांनी शेंगोळे मागितले. हुलग्याचं पीठ मळून, एकेक कडं हाताने वळून, लसणाच्या झणझणीत रश्शात सुलाबाईंनी ते शिजवले. भिकन चार खाऊन थांबले आणि बायकोच्या तोंडाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. बाराव्या दिवशी गेले.

त्या बघण्याचा अर्थ सुलाबाईंना आज, मेथीच्या ढिगाऱ्यासमोर बसून कळला. भिकनना तेव्हाच सगळं समजलं होतं.

“सांगा ना आई.”

“काहीबी कर,” सुलाबाई म्हणाल्या आणि मेथीची पानं सोडून देठच टोपलीत टाकू लागल्या.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. सुलाबाईंचं मन आता एकाला एक जोडत सुटलं. छातीतली गाठ काढून दोन वर्षं झाली होती. दर सहा महिन्यांनी स्कॅन, आणि दर वेळी आधीचे आठ दिवस झोप नाही. पण या खेपेला गोष्ट वेगळी होती. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी काखेत दाबून बघितलं होतं, जरा जास्तच वेळ. नंतर मुलगा, सनी, कागदावर सही आणायला म्हणून पुन्हा आत गेला आणि दहा मिनिटं बाहेरच आला नाही. सहीला दहा मिनिटं? आणि गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात तो तेजलला हळूच म्हणत होता, “आईला आत्ता अजिबात कळता कामा नये.” हे त्यांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं. त्या आत गेल्या तेव्हा दोघं एकदम भाजीच्या भावाबद्दल बोलू लागली. सनीने आयुष्यात कधी भाजी आणली नव्हती!

म्हणजे ठरलंच होतं. स्कॅन फक्त दाखवायला.

“आई, खरंच सांगा. तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं?” तेजल आता समोर येऊन बसली.

सुलाबाई विचार करू लागल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हे माहीतच नाही. भिकनना शेंगोळे, सनीला अंड्याचा रस्सा, तेजलला कोबीची भजी. आपल्याला? शेवटी त्या ओशाळून म्हणाल्या, “खरवड.”

“म्हणजे?”

“खिचडी खाली लागती ना पातेल्याला, ती. पोरं जेवली की म्या अन् ठमाबाई खरवडून खातो. करपलेली, कुरकुरीत. तीच आवडती मला.”

तेजल हसली नाही. उठली आणि कामाला लागली. कुकरमध्ये खिचडी लागत नाही म्हणून जर्मनचं पातेलं काढलं. आयुष्यभर अन्न करपू नये म्हणून धडपडणाऱ्या बायकांच्या जातीतली ही पोरगी गॅस मोठा करून मुद्दाम खिचडी करपवत बसली होती. हात मात्र सवयीने सारखा ढवळायला जायचा. “आगं, हलवू नको!” सुलाबाईंना दोनदा ओरडावं लागलं. शेवटी घरभर धूर झाला, तशी तेजल तोंडावर ओढणी धरून गॅलरीत पळाली आणि बराच वेळ तिकडेच राहिली.

रडत असणार, सुलाबाईंनी ओळखलं. माझ्यासमोर रडता येत नाही बिचारीला.

खरवड काळीकुट्ट, कडू झाली होती. सुलाबाईंनी ती शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. तेजल लाल झालेल्या डोळ्यांनी समोर बसली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. “बरी झालीय का?”

“लय भारी,” सुलाबाई म्हणाल्या.

सोमवारी त्या शाळेत गेल्या. पातेलं चुलीवर चढल्यावर ठमाबाईला म्हणाल्या, “तेल कमी टाकत जा. मसाल्याचा डबा वरच्या फळीवर, पोत्यामागं ठिवलाय. अन् दुसरीतल्या त्या बारक्या पोरीला दोन पळ्या वाढत जा, घरी काय नसतं तिच्या.”

“मला कशाला सांगती? तू काय मुंबईला चालली?”

“असंच.”

“दर सहा म्हयन्याला मरती तू,” ठमाबाई फणकाऱ्याने म्हणाली. “अन् दर सहा म्हयन्याला मला हाच डबा दाखवती.”

एरवी सुलाबाई हसल्या असत्या. आज त्यांनी नुसती पळी धुऊन जागेवर ठेवली.

मंगळवारी सनीला कंपनीत सुट्टी मिळाली नाही, म्हणून सोबत पहिल्यांदाच तेजल आली. दोघी रिक्षाने निघाल्या. सुलाबाईंच्या पोटात रात्रीपासून पाण्याशिवाय काही नव्हतं. मुंबई नाक्याच्या सिग्नलला त्यांच्याने राहवेना.

“तेजल, डॉक्टर काय बोलला सनीला? खरं सांग.”

“काही नाही आई. कशाबद्दल?”

“माझ्या गळ्याची आण घे.”

“अहो आई, खरंच काही नाही!” पण तिची नजर बाहेर रस्त्यावर गेली. सुलाबाईंनी ते बरोबर टिपलं. संपलं, त्या मनात म्हणाल्या.

स्कॅन सेंटरमधल्या नर्सने साखर तपासली, हाताला सुई लावून ठेवली आणि फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, ऑपरेशन कधी झालं. सगळं झाल्यावर तिने मान वर केली आणि सुलाबाईंच्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, “सोबत तुम्हीच ना? प्रेग्नंट वगैरे नाही ना?”

मागे तेजलच्या चपला फरशीवर घासल्या.

“मॅडम? इंजेक्शननंतर यांच्या अंगातून किरणं बाहेर पडतात. म्हणून विचारावं लागतं.”

“आहे,” तेजल अगदी हळू म्हणाली. “तिसरा चालू आहे.”

सुलाबाईंनी वळून बघितलं. तेजल भिंतीला चिकटून उभी होती आणि पकडलं गेल्यासारखी खाली बघत होती.

“मग तुम्ही बाहेर थांबा. इंजेक्शन दिलं की संध्याकाळी सातपर्यंत यांच्या जवळ यायचं नाही. आजी, तुम्हीपण लक्षात ठेवा.”

“येक मिनिट, बाई. अजून औषध सोडलं नाय ना?” सुलाबाईंनी नर्सचा हात धरला. मग सुनेकडे वळल्या. “हे व्हतं? हे लपवत व्हता तुम्ही दोघं?”

“मागच्या वेळी तुम्ही सगळ्या कॉलनीला पेढे वाटले होते आई,” तेजल म्हणाली. “तेव्हा तुमची केमो चालू होती. आणि मग ते टिकलं नाही... तुम्ही स्वतःलाच दोष देत राहिलात. हे म्हणाले, तीन महिने पुरे होऊ देत. ह्यांनी तुमच्या डॉक्टरांनाही विचारलं, तुम्हाला आत्ता सांगावं का म्हणून.”

सहीची दहा मिनिटं.

“अन् मला खायचं कशाला इचारलं गं? माझा जीव गेला व्हता.”

“मला काहीच खाववत नाही. सगळ्याचा वास येतो. म्हटलं, घरात एक माणूस तरी मनासारखं जेवू दे.” तेजलने डोळे पुसले. “त्या खिचडीचा धूर झाला ना, तेव्हा गॅलरीत ओकले मी.”

सुलाबाईंनी तिला जवळ ओढलं. तिच्या पोटावर हात ठेवला, एकदाच, आणि लगेच काढून घेतला. “जा आता. भाईर जा. लांब बस.”

इंजेक्शन गार होतं. मग तासभर एका खोलीत एकटीने पडून राहायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही. नंतर ते मशीन. फळी आत सरकली. सुलाबाईंना वाटलं होतं की आता भीती कमी होईल. कोणी काही लपवत नव्हतं, डॉक्टर काही बोलले नव्हते. पण झालं उलटंच. कालपर्यंत त्या मरायच्या तयारीत होत्या, मसाल्याचा डबासुद्धा दाखवून आल्या होत्या. आता त्यांना जगायचं होतं, आणि काखेतलं ते जास्त वेळ दाबणं तर अजून तसंच होतं. सहा महिने, त्या मनात म्हणाल्या. निदान सहा महिने. मग स्वतःचीच लाज वाटली. सहाच का? ते बोलायला लागेपर्यंत. शाळेत जाईपर्यंत. हाव सुटली की सुटतेच. डोळ्यांतून पाणी कानात गेलं तरी त्यांना हात हलवता येत नव्हता.

रिपोर्ट उद्या संध्याकाळी, असं काउंटरवर सांगितलं.

बाहेर तेजल उठून उभी राहिली. सुलाबाईंनी लांबूनच हात दाखवला. “थांब तिथंच!” लोक वळून बघू लागले. घर दीड खोलीचं, तिथे दोघींना जाता येत नव्हतं. शाळेत तर पोरंच पोरं. सनीची शिफ्ट साडेतीनला सुटणार, मग तो तेजलला सिडकोत तिच्या आईकडे नेऊन सोडणार, असं फोनवर ठरलं. तुम्हाला एकटीला सोडून मी आधी जाणार नाही, यावर तेजल अडून बसली. शेवटी दोघी दोन रिक्षांनी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आल्या. दुपारची वेळ, ट्रॅक रिकामा होता. एका बाकावर सुलाबाई, आणि मधले दोन बाक सोडून तिसऱ्यावर तेजल.

“उद्या काय येईल हो आई?” तेजलने तिकडून विचारलं.

“मला काय ठावं?” सुलाबाई ओरडून म्हणाल्या. खोटा धीर द्यायची त्यांना सवय होती, पण आज जमलं नाही. “लय भ्या वाटतंय गं मला.”

“मलापण,” तेजल म्हणाली.

मग थोड्या वेळाने तेजल एकदम उठली, कडुनिंबाच्या बुंध्याला धरून वाकली आणि ओकू लागली. पोटात काहीच नसल्याने नुसते कोरडे उमासे येत होते. सुलाबाई पाण्याची नवी बाटली घेऊन धावल्या. सात-आठ पावलं गेल्या असतील, तेवढ्यात मधेच थांबल्या. हात पुढे झाला होता, तो त्यांनी मागे घेतला. बाटली खाली फरसबंदीवर ठेवली आणि तेजलवरची नजर न काढता एकेक पाऊल मागे सरकत आपल्या बाकापाशी गेल्या.

“घे,” त्या म्हणाल्या. “चूळ भर. अन् सावकाश उठ.”