रेघेबाहेर आलेला डाग

पहिली रेघ मिसबाने खेळ म्हणून काढली. तिच्या पलंगामागच्या भिंतीवर रुपयाएवढा काळसर डाग होता. त्याच्याभोवती पेन्सिल फिरवून ती म्हणाली, "अम्मी, याला मी कोंडून ठेवलंय."

नूरबानू हसली.

आठवड्याभरात डाग रेघेबाहेर आला होता.

दुसरी रेघ.

ती काढताना मिसबा खोकत होती. तुमच्याआमच्या घरात असतो तसाच खोकला. शाळेतून आलेला, आइस्क्रीमचा, हवा बदलल्याचा. खोकल्याला कारण शोधून देण्यात आपण फार तत्पर! हडपसरच्या त्या फ्लॅटमध्येही तेच झालं.

मिसबाचे वडील इम्तियाज. अत्तराचे व्यापारी. कानात दिवसभर अत्तराचा फाया, घरात रोज संध्याकाळी लोबान. त्यांची बहीण एकदा राहायला आली आणि दारातच थबकली.

"भाईजान, या खोलीत ओल्या पोत्यासारखा वास येतोय."

"माझ्या घरात? मला येत नाही तो वास तुला येतो?"

त्या संध्याकाळी त्यांनी लोबान दुप्पट जाळला. रविवारी भिंतीला पांढरा रंग दिला. डाग गेला, रेघाही गेल्या. मिसबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकली.

तिसरी रेघ.

रंगाखालून तो परत आला. आता त्याला मऊ, बारीक लव होती.

"अब्बू, मी झोपले की ते मोठं होतं."

"भिंत आहे ती. भिंतीला पाय नसतात."

तरी त्यांनी पलंग सरकवून तिथे कपाट लावलं. दिसायचं बंद झालं.

(वाचकहो, तुमचं कपाट कोणत्या भिंतीला लावलंय?)

सुट्टीत मिसबा साताऱ्याला नानीकडे गेली. तिथे दिवसभर हुंदडली, एकदाही खोकली नाही. परत आली आणि दोन दिवसांत छातीतून शिट्टी वाजू लागली. नूरबानू हळूच म्हणाली, "या खोलीत काहीतरी आहे. पोरीचा श्वास ओढून घेतंय. कुणाला दाखवू या का?"

इम्तियाज हसले. पण खोलीत पाऊल टाकताना आधी त्यांनी दिवा लावला. भर दुपारी.

दाखवलं ते डॉक्टर मंदाकिनी यांना. त्यांनी मिसबाची छाती तपासली, दम्याचा पंप कसा ओढायचा ते शिकवलं आणि विचारलं, "नानीकडे बरी, इथे आजारी. झोपते कुठे?"

मिसबानेच सगळं सांगितलं. रेघा, रंग, कपाट, लोबान.

"म्हणजे दुखणं तुम्ही झाकून ठेवलंत," डॉक्टर म्हणाल्या. "मी मुलीला औषध देईन, इम्तियाजभाई. भिंतीला कोण देणार?"

"मॅडम, माझं घर स्वच्छ आहे. नुसता सुगंध असतो."

"तोच तर घोटाळा आहे! ओल असली की बुरशी येते. तिचे कण हवेत उडतात, दम्याच्या मुलांना ते फार बाधतात. वर तुमचा लोबानचा धूर. आणि रोजच्या वासाला नाक सरावतं, तुमचंसुद्धा. घरी जा, कानातला फाया काढा, सगळ्या खिडक्या उघडा. बाहेर एक फेरी मारून या आणि मग त्या खोलीत शिरा."

इम्तियाजनी घरी येऊन तसंच केलं. दारातच पाय अडखळला. ओल्या पोत्याचा वास! बहीण सांगत होती तोच!

त्यांनी कपाट ओढलं.

भिंत काळी होती. जमिनीपासून छातीपर्यंत, केसाळ, हात लावला तर दबेल अशी. कपाटाची पाठ मऊ पडलेली. आतल्या मिसबाच्या फ्रॉकवर काळे ठिपके. आणि त्या सगळ्या काळ्याच्या मधोमध पेन्सिलची एक छोटीशी रेघ.

"या अल्लाह," नूरबानू पुटपुटली, "आणि आपण हिला इथे झोपवत होतो!"

इम्तियाज त्या रेघेपाशी वाकले. मग म्हणाले, "ती आपल्याला रोज दाखवत होती. मी रंग दिला."

मिसबा पुन्हा नानीकडे गेली. भिंतीपलीकडे बाथरूम होतं, तिथल्या पाइपचा सांधा आत गळत होता. आधी तो दुरुस्त झाला. मग भिंत विटेपर्यंत खरवडली, कामगारांनी तोंडाला मास्क बांधून. पुढे कितीतरी आठवडे ती नुसती वाळू दिली. रंगाची घाई कुणीच केली नाही. कपाट दुसरीकडे गेलं, भिंतीपासून वीतभर लांब. लोबान बंद झाला.

म्हणून सांगतो, बंधुभगिनींनो, ओल झाकू नका. पाणी कुठून येतं ते शोधा, घरात वारा खेळू द्या. आणि मूल घरात खोकतं, बाहेर खोकत नाही, असं दिसलं तर डॉक्टरांना घराबद्दलही सांगा. मूल भिंतीकडे बोट दाखवतं तेव्हा हसू नका!

मिसबा परत आली. पंप अजून दप्तरात असतो, पण क्वचित लागतो. पहिल्याच दिवशी तिने कोऱ्या भिंतीवर पेन्सिलने एक गोल काढला.

"आत तर काहीच नाही," इम्तियाज म्हणाले.

"माहितीये, अब्बू. आता रोज आपण दोघं बघायचं."

आणि रोज सकाळी, कानात फाया घालण्याआधी, ते तिच्या शेजारी उकिडवे बसतात आणि भिंतीचा वास घेतात.