बिनभोकांची बटणे

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या झाकणाला एक पोचा आहे, कडेला थोडा गंज आहे आणि पोटात सात खण आहेत. खरे तर ते सहाच असायला हवे होते. मला घडवणारा पत्रेवाला बोलघेवडा होता. बोलता बोलता त्याने एक खण जास्त पाडला आणि मी सात खणांचा झालो.

ज्यांनी मला घडवून घेतले ते शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. त्यांची थोरली बहीण, अक्का, दुकानात काजे करते, हातशिलाई करते आणि उरलेल्या वेळात मास्तरांना दम देते. मला पाहून मास्तर म्हणाले, "बटणं माझी सहा तऱ्हेची. सातवा खण काय कपाळाला लावू?"

"असू दे रे," अक्का म्हणाली. "कधी ना कधी भरेल."

पुढे कित्येक वर्षे सदऱ्याची, कोटाची, झग्याची बटणे माझ्या पोटात राहिली. मास्तरांची बोटे न बघता नेमक्या खणात उतरत. एखादे गिऱ्हाईक "डबा झोकदार आहे हो!" म्हणे, तेव्हा मी बुडापासून झाकणापर्यंत फुलून जाई. सातवा खण मात्र रिकामाच राही.

मग एका वर्षी ती बोटे माझ्याकडे येईनाशी झाली. कोणी गेले नव्हते, कोणाशी भांडण नव्हते, दुकानही छान चालले होते. तरी मास्तर सकाळी मशीनपुढे बसत आणि दुपारपर्यंत नुसते बसूनच राहत. त्यांना कात्री मणभराची झाली. झोप उडाली, जेवणाची चव गेली. लोक म्हणाले, "मास्तर आळसावले." अक्का मात्र एक दिवस कात्री पुसता पुसता रडली. काम बुडेल याची तिला भीती नव्हती. धाकटा भाऊ डोळ्यांदेखत हातातून निसटतो आहे, याची होती. शेवटी तिने त्यांना हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेले.

परत आल्यावर तिने मला रिकामे केले, धुऊन लख्ख पुसले आणि सात खणांत मनाच्या दुखण्यावरच्या सात गोळ्या ठेवल्या. वार सात आणि खण सात! पत्रेवाल्याची चूक अशी इतक्या वर्षांनी कामी आली. गोळ्या पाहून मला मात्र हसू आले. सदऱ्याच्या बटणाहून लहान, पांढऱ्या, आणि भोक एकही नाही. हे बटण टाचायचे कुठे? आणि एवढ्याशा वस्तूने एवढा मोठा माणूस सावरणार कसा?

पहिल्या आठवड्यात तर मास्तरांना मळमळू लागले, तोंडाला कोरड पडली. "अक्का, हे उलट बिघडलंच की!" ते म्हणाले.

"बाईंनी सांगितलं होतं ना, सुरुवातीला असं होतं म्हणून? न्याहारीनंतर घे. गुण यायला काही आठवडे लागतात." मग ती त्यांच्यासमोर येऊन बसली. "आणि हे बघ, फार तगमग झाली, जीव नकोसा वाटला, तर मनात ठेवायचं नाही. मला सांगायचं. तसंच उठून बाईंकडे जाऊ."

"अगं, किती वेळा सांगशील?"

"तू हो म्हणेपर्यंत."

मास्तर हो म्हणाले.

एकदा बुधवारचा खण भरलेलाच राहिला. गुरुवारी मास्तर दोन गोळ्या तळहातावर घेऊन उभे होते. अक्काने एक उचलून घेतली. "राहिली ती राहिली. कालचं उट्टं आज काढायचं नाही, असं बाई म्हणाल्यात." शेजारच्या इस्त्रीवाल्याने डोके शांत करणारी कसलीशी झाडपाल्याची पूड आणून दिली. अक्काने ती आधी बाईंना दाखवली. या गोळीबरोबर ती नकोच, दारूही नको आणि अंगदुखीची साधी गोळीसुद्धा विचारूनच घ्यायची, असे बाईंनी बजावले. इस्त्रीवाला म्हणाला, "मग अक्का, यातली एक मलाच द्या. माझंही मन कशात लागत नाही."

"तुझं मन तू बाईंना दाखव," अक्का म्हणाली आणि माझे झाकण फटकन लावले.

मित्रांनो, पाचव्या आठवड्यात जे घडले ते आठवले की आजही माझा पत्रा शहारतो. सकाळची वेळ होती. मास्तरांनी कपातला घोट घेतला आणि म्हणाले, "अक्का, आज चहात साखर जास्त झालीय का?"

अक्काच्या हातातली सुई थांबली. कित्येक महिन्यांत त्यांना कशाची चवच लागली नव्हती. "साखर रोजचीच आहे रे," ती म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे टिपू लागली. मी थक्क झालो. डोंगर हलला असता तरी मला एवढे नवल वाटले नसते. त्या आठवड्यात कात्री पुन्हा कापडावरून चालू लागली.

अक्काच्या अंगावर नेहमी ठिगळाचाच कोट असे. शिंप्याची बहीण, दुसरे काय! मास्तरांनी तिच्यासाठी नवा कोट बेतला आणि कच्च्या टाक्यांवर जोडून पुतळ्याला चढवला. तो अंगासरशी बसला. आणि तिथेच मास्तर चुकले. अशी चूक शिंपीच करू जाणे. कोट बसला की कच्चा दोरा काढून टाकायचा, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले. आपणही आता सावरलो आहोत, ही गोळी म्हणजे कच्चा दोरा, असे त्यांनी ठरवले. ते रोज माझ्यातून गोळी उचलू लागले, पण तोंडात घालीनात. त्या त्या वाराचा खण रिकामा दिसे आणि अक्का निश्चिंत होई. मला सगळे ठाऊक होते. पण डब्याला तोंड असून काय उपयोग?

दोन-तीन दिवसांत त्यांना गरगरू लागले. डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येऊ लागले. ते गिऱ्हाइकावर खेकसले, मग तासभर डोके धरून बसले. जुने दुखणे औषधाला जुमानत नाही, असे वाटून अक्का पार खचली. नवव्या दिवशी जिवाला काही तरी चाळा हवा म्हणून ती कोटाचे काजे करायला बसली. खिशात हात गेला. तिने एकेक करून नऊ गोळ्या माझ्या झाकणावर ठेवल्या. ती ओरडली नाही.

"माझ्याच कोटात, रे?" एवढेच म्हणाली.

मला काखोटीला मारून दोघे बाईंकडे गेले. मास्तर खाली मान घालून म्हणाले, "बरं वाटत होतं हो. कोट बसला की कच्चा दोरा आम्ही काढूनच टाकतो."

बाईंना शिवणातले ओ की ठो कळत नव्हते. त्यांनी साधेपणाने विचारले, "कधी काढता?"

"पक्की शिलाई झाल्यावर."

"आणि कसा?"

"एकेक टाका उसवत. हिसका मारला तर कापड..." मास्तरांनी माझ्याकडे पाहिले.

"बरं वाटलं म्हणजे पक्की शिलाई झाली असं नाही, मास्तर," बाई म्हणाल्या. "बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची. मग आपण दोघं ठरवून हळूहळू कमी करू. याची काही चटक लागत नाही, पण शरीराला सवय होते. म्हणून एकदम सोडली की असे झटके बसतात. आणि काही त्रास झाला तर मला सांगा. तुमच्यावर रागवायला नाही बसले मी इथे."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि मास्तर पुन्हा सावरले. कोटाची पक्की शिलाई झाली. कच्चा दोरा काढायला मास्तर सकाळी बसले, ते दुपारपर्यंत बसलेच होते. अक्का म्हणाली, "ओढ की एकदाचा!"

"नाही अक्का," मास्तर म्हणाले. "हळूच."

मित्रांनो, माझ्या पोटात आता बटणे नाहीत, म्हणून मला हाताळू नका. एकाचे औषध ते दुसऱ्याचे नव्हे. तुमच्या घरी कोणी अशी गोळी घेत असेल तर त्याला हसू नका. आणि "आता तर बरा दिसतोस, दे सोडून," असे तर चुकूनही म्हणू नका.

आज रविवार आहे. नव्या कोटाच्या बाह्या मागे सारून अक्का माझे खण भरते आहे. सहा भरून ती थांबते. सातवी गोळी मास्तर स्वतःच्या हाताने ठेवतात.