तळ्यावरचे काळसर हंस

"अण्णा, हात लावू नका. ओला आहे अजून."

मुलीचं वाक्य संपेपर्यंत अण्णांचा हात पोचलाही होता. संग्रहालयातल्या या लांब टेबलाशी त्यांनी उभा जन्म काढला. आता त्यांच्या खुर्चीत मुलगी बसते आणि कापूस भरलेले जुने रानहंस तीच सांभाळते. अण्णा मात्र निवृत्त झाले तरी अधूनमधून फेरी मारतात, जित्याची खोड.

उत्तरेकडचे रानहंस मोठे आणि फिके. पलीकडच्या तळ्यावरचे लहान आणि काळसर. ही उपजातच निराळी, हे पहिल्यांदा सांगितलं अण्णांनी. तळं केव्हाच आटलं होतं, हंस उरले होते ते या कपाटात. पण तेव्हापासून अण्णा सगळ्यांचे 'हंसवाले' झाले. कुणी तशी ओळख करून दिली की ते "छे हो" म्हणत आणि मनातून सुखावत.

टेबलावरचा हंस त्या तळ्यावरचाच होता. फक्त काळसर नव्हता.

"धुतलास?"

"कीड लागली होती, म्हणून स्पिरिटने पुसला नुसता." तिने काळाकुट्ट बोळा बशीत टाकला. "हे कपाट आधी कुठे होतं हो?"

"जुन्या इमारतीत. शेगडीपाशी."

थंडीत बोटं आखडायची, मोजपट्टी धरवायची नाही, म्हणून ते कपाट शेगडीजवळ त्यांनीच ओढून घेतलं होतं. उत्तरेकडचे हंस राहिले आतल्या गार खोलीत, बंद पेट्यांमध्ये, शेगडीच्या काजळीपासून लांब. आपल्याच पायावर धोंडा, तोही एवढ्या हौसेने.

"लहान तर आहेत ना?" मुलगी हळूच म्हणाली.

"माद्या असतील सगळ्या. माद्या लहानच असतात."

हे आपण तेव्हा का नाही म्हणालो, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"एकच पुसलाय, अण्णा. बाकीचे राहू देते तसेच. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि कीड?"

अण्णांनी बाह्या दुमडल्या, स्टूल ओढलं आणि पुढचा हंस स्वतःच कपाटातून काढला.

"मानेकडून शेपटीकडे पुसायचं. पिसं उलटी फिरवायची नाहीत. दे बोळा."

दुपारपर्यंत टेबलावर फिक्या हंसांची रांग लागली. दारावरून जाता जाता पहारेकरी थबकला.

"काय हंसवाले, आज पुन्हा कामावर?"

"साफसफाई," अण्णा म्हणाले आणि त्यांनी नवा बोळा भिजवला.