गाडीखालचं पाडस

जूनच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवरच्या आमच्या गार्डिनर गावात घराबाहेर पडताना आधी खिडकीतून बघायचं असतं. एल्क जातीच्या मोठ्या हरणांच्या माद्या तेव्हा उद्यानातून गावात येऊन वितात, आणि पाडस कुठे लपवतील याचा नेम नसतो. त्या सकाळी मी बघितलं नाही. घाई होती. लिव्हिंग्स्टनच्या दवाखान्यात अकरा वाजता माझ्या थोरल्या भावाचं, ऑरिनचं, हृदयाचं ऑपरेशन होतं. गाडीने तासाभराचा रस्ता. त्याआधी त्याला एक गोष्ट सांगायची होती. बावीस वर्षं ती पोटात ठेवली होती.

पायरीवर पाय टाकला तोच मादी कान मागे पाडून अंगावर आली. मी दार लावून घेतलं. पाडस माझ्या गाडीखाली, पुढच्या चाकाला चिकटून, मान जमिनीला लावून पडलं होतं. मागच्या दाराने निघालो, तर घराला वळसा घालून ती माझ्याआधी तिथे हजर. समोरच्या टेकाडावर एक कायोटी, आमच्याकडचा रानकोल्हा, पाडसावर टपून बसला होता, त्यामुळे ती जास्तच बिथरलेली.

नऊ वाजले. साडेनऊ झाले.

शेजारचा गस त्याच्या ओसरीवर आला. "काय रे लायल, कैदेत का?"

"ऑरिनकडे जायचंय! अकराला आत नेणार त्याला."

गसचं हसू गेलं. ऑरिन त्याला बघून रस्ता बदलायचा. "माझ्या गाडीने सोडतो," तो म्हणाला. "दवाखान्याच्या दारापर्यंत. आत मी येणार नाही."

कचऱ्याच्या डब्याचं झाकण ढालीसारखं धरून तो निघाला. जूनमध्ये आमच्याकडे सगळेच तसं चालतात. अर्ध्या वाटेत मादी मागच्या पायांवर उभी राहिली आणि पुढच्या खुरांनी तिने झाकण बडवलं. गस रांगतच माझ्या दारातून आत पडला.

"छान सोडायला आलास," मी म्हणालो.

"गप. पाणी दे."

आता दोघे अडकलो. आणि नेमका गस.

ऑरिन शिकाऱ्यांना उद्यानाबाहेरच्या डोंगरात न्यायचा. बावीस वर्षांपूर्वी एका वसंतात त्याने उद्यानात गळून पडलेली एल्कची शिंगं उचलून आणली आणि गसच्या गोठ्यामागच्या घळीत लपवली. उद्यानातलं शिंग उचलायला बंदी. उद्यानाची राखण करणाऱ्या रेंजरला कुणीतरी सांगितलं. ऑरिनचा वाटाड्याचा परवाना गेला, धंदा बसला. घळ गसच्या गोठ्यामागची, म्हणजे सांगणारा गसच, असं ऑरिनने धरलं. मी तेव्हा उद्यानाच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचो. रेंजरने मला विचारलं, नोकरीच्या भीतीने मी घळीकडे बोट दाखवलं. गसला हे ठाऊक नव्हतं.

फोन वाजला.

"कुठवर आलास?" ऑरिन.

"घरातच आहे. गाडीखाली पाडस आहे."

तो हसला, मग खोकला. "सत्तर वर्षांचा झालास गाढवा, अजून खिडकीतून बघता येत नाही? ऐक, हे लोक मला लवकर नेतायत. दहा मिनिटं आहेत. काय सांगायचं होतं तुला?"

माझा फोन स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा, वायर हातभर. गस समोरच खरचटलेला गुडघा पुसत होता. मी ठरवलं होतं, खाटेपाशी बसून, दोघंच असताना सांगायचं.

"लायल? बोल की."

"शिंगांचं रेंजरला मी सांगितलं होतं," मी म्हणालो. "गसने नाही."

गसचा हात गुडघ्यावरच थांबला.

"गस अजून तुझ्या शेजारीच असतो ना?" ऑरिनने विचारलं.

"इथेच आहे. माझ्या स्वयंपाकघरात."

"त्याला दे."

गसने फोन घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. "हं... हं. नाही रे, झाकण वाकलं, मी धड आहे." ऑरिन बोलत होता तसा त्याने फोन कानाशी घट्ट धरला. शेवटी हळूच म्हणाला, "तूच कशाला, मी पण यायला हवं होतं एकदा तुझ्याकडे." आणि फोन अडकवला.

"नेलं त्याला," तो म्हणाला.

"माझ्याबद्दल काही बोलला?"

"नाही."

गसने दार बोटभर उघडलं. मादीने मान वर केली. त्याने दार लावलं, खुर्ची माझ्यापासून जेवढी लांब नेता येईल तेवढी नेली, आणि पाठ करून बसला.