कडवटपणाचे मार्क

दुकानाची वाटणी होऊन कैक वर्षं लोटली, तरी घड्याळं दुरुस्त करणारे थोरले मामा धाकट्या भावाशी बोलत नव्हते. मानसशास्त्र शिकणारी भाची दोघांच्याही मनातला कडवटपणा मोजायला आली, तेव्हा मोठेपणा दाखवायचा म्हणून मामांनी प्रत्येक प्रश्नाला “छे गं, कधीच विसरलो,” असं सांगून टाकलं.

“छान, मामा. शंभरात आठ.”

“आणि त्याला किती?”

“सांगायचं नसतं. पण धाकट्या मामांना एक्क्याण्णव.”

मामांच्या हातातला चिमटा थांबला. रस्त्याकडची बाजू त्याने घेतली, गिऱ्हाईकं त्याने पळवली, आणि आता अन्याय सोसल्याचा मानही तोच लाटत होता.

“बस खाली,” मामा म्हणाले. “पहिल्या प्रश्नापासून पुन्हा विचार. आणि शंभराच्या वर जाता येतं का, ते आधी सांग.”