पुलीवरचा लाल ठिपका

मी डोक्याने गरम आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी नाक मुरडायला नको. लाँचची इंजिनं दुरुस्त करते. धक्क्याच्या टोकाला पत्र्याची शेड आहे, ती आधी बाबांची होती, आता माझी. बाबांना सात-आठ वर्षांपासून ऐकू कमी येतं. कानाचं यंत्र घेऊन दिलंय, पण ते शर्टाच्या खिशात असतं. त्यामुळे खिशाला अगदी छान ऐकू येतं.

त्या दिवशी दुपारी चारला लाँचच्या परवान्याचे साहेब तपासणीला येणार होते. लाँच माझ्या धाकट्या भावाची. पलीकडच्या किनाऱ्यावर माणसं ने-आण करते. घरात आम्ही तिला आत्या म्हणतो, कारण कुरकुरत येते, पण येते. मागच्या तपासणीला मात्र ती सुरूच झाली नाही, आणि साहेबांनी शेवटची संधी दिली होती. आजही हटून बसली तर परवाना रद्द, आत्या भंगारात आणि भाऊ घरी. सकाळपासून तो माझ्याभोवती घिरट्या घालत होता.

"ताई, होईल ना गं?"

"तू उजेडातून हललास तर होईल!"

आता माझी करामत ऐका. साहेबांवर छाप पडावी म्हणून आदल्या दिवशी मी इंजिन रॉकेलने धुतलं, तारेच्या ब्रशने घासघास घासलं आणि पुलीसकट सगळ्याला निळा रंग दिला. नवरीसारखं सजवलं अगदी. ठिणगी पाडणारे पॉइंट झिजले होते, तेही बदलले. पॉइंट बदलले की टायमिंग नव्याने लावायचं, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी नेमकी कधी पडायची ते ठरवायचं. आत्याचं टायमिंग आजवर बाबांनीच लावलेलं, मी पहिल्यांदाच हात घालत होते. त्यात कठीण काही नसतं. पुढच्या पुलीवर कंपनीची खाच असते, शेजारी काटा असतो. टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीसरशी चमकणारा दिवा, मारायचा आणि ठिणगीची वेळ बदलणारा डिस्ट्रिब्युटर फिरवत खाच काट्याशी जुळवायची. मी जुळवली, पुस्तकात लिहिलंय तशीच.

आणि आत्याने लाथ मारली. स्टार्टर दाबला की इंजिन अर्धा फेरा घ्यायचं, उलटं उसळायचं आणि कार्ब्युरेटरमधून फाट्कन बार काढायचं. चुकून सुरू झालंच तर आतून कुणी हातोडीने ठोकतंय असा आवाज. मी पॉइंटची फट पुन्हा मोजली. कंडेन्सर बदलला. कॉइल बदलली. प्लगच्या वायरी एकेक करून मोजून पाहिल्या, क्रम बरोबर. ठिणगी तर अशी निळी, की बघत राहावं. आत्या ढिम्म. त्यात पेट्रोलचं इंजिन, खाली वाफ कोंडली तर भडका उडतो, म्हणून दर वेळी आधी पाच मिनिटं पंखा लावून बसायचं. त्या पाच-पाच मिनिटांनीच माझं डोकं उठवलं.

सव्वादोन वाजता बाबा डबा घेऊन आले. वाकून इंजिनाकडे बघितलं आणि म्हणाले, "लाल ठिपका कुठाय?"

"कसला ठिपका? बाबा, बाजूला व्हा."

"पुलीवरचा. लाल."

"रंग दिलाय मी! निळा! दिसत नाही का?"

"तो ठिपका लागतो गं."

माझा पारा चढला. "बाबा, ऐकू येत नाही ते नाही, आता मध्ये बोलायचं तरी बंद करा! इथे भावाच्या पोटावर पाय यायची वेळ आलीय आणि तुमचं ठिपका ठिपका काय चाललंय?"

हे मात्र त्यांना ऐकू गेलं असावं. डबा फळीवर ठेवला, जाऊन धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावर बसले, पाण्याकडे तोंड करून. भावाने माझ्याकडे असं बघितलं, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माफी मागायला वेळ होता कुणाला? अडीच वाजले होते.

डबा तसाच राहिला. मी खाली बसून विचार केला: ठिणगी चांगली आहे, पेट्रोल येतंय, क्रम बरोबर आहे, खाच काट्याशी आहे. मग खोटं कोण बोलतंय? उरली फक्त खाच.

पहिला प्लग काढला. भोकावर अंगठा दाबून भावाला पान्याने इंजिन हाताने फिरवायला सांगितलं. अंगठ्याखालून हवा फुसफुसली तसा अंगठा काढला आणि आत लांब स्क्रूड्रायव्हर धरला. तो पिस्टनबरोबर हळूहळू वर आला, वर आला आणि थांबला. म्हणजे पिस्टन अगदी टोकाला. आता खाच काट्यासमोर हवी. बघते तर खाच तिथे नाहीच! चांगली दोन बोटं लांब.

"अगं बाई!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले, की भावाच्या हातून पाना पडला.

या पुलीचे दोन भाग असतात, आतला गोल आणि बाहेरचं कडं. मध्ये रबर. रबर जुनं झालं की कडं जागचं सरकतं आणि त्याच्यावरची खाचही. कंपनीची खाच आत्यावर केव्हाची खोटी झाली होती. मी तिच्यावर विश्वास ठेवून बसले होते, म्हणून पिस्टन वर पोचायच्या कितीतरी आधी ठिणगी पडत होती. मग लाथ नाही मारणार तर काय करणार? खरी खूण होती आतल्या गोलावर, जो सरकत नाही. लाल रंगाची. काल ब्रशखाली काहीतरी लाल आलं होतं खरं. मीच म्हटलं होतं, काय हा गचाळपणा!

मी धक्क्यावर धावत गेले. बाबांसमोर उभी राहिले, कान पकडले. भर धक्क्यावर, एवढी घोडी झालेली मी. बाबांनी खिशातून यंत्र काढलं, कानात घातलं आणि विचारलं, "सापडलं?"

"सापडलं. पुसलं होतं मीच."

ते उठले ते थेट त्यांच्या जुन्या पेटीकडे. तळातून चिंध्यांत गुंडाळलेली इवलीशी बाटली काढली. आईची नेलपॉलिश. घट्ट झाली होती, तिच्यात माझ्याच रंगाचं थिनर दोन थेंब घातलं.

"ही इथे आहे होय!" भाऊ म्हणाला. "आई अजून माझ्या नावाने बोटं मोडते."

पिस्टन वर, काटा समोर, आतल्या गोलावर लाल ठिपका. मग पाच मिनिटं पंखा. डिस्ट्रिब्युटर मागे घेऊन स्टार्टर दाबला, आत्या कुरकुरली आणि लागली. मी लाइट मारून ठिपक्यावर टायमिंग लावलं. बाबांनी इंजिनावर तळहात टेकला, डोळे मिटले, म्हणाले, "केसभर मागे." केसभर मागे घेतलं. आत्या घुमायला लागली, एका सुरात. चारला दहा कमी होते.

साहेबांनी तीनदा बंद करायला लावलं, तीनदा सुरू करायला लावलं. तिन्ही वेळा पहिल्या दाबाला सुरू. इंजिन बंद झाल्यावर पुलीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "टायमिंगची खूण." त्यांनी मान हलवली, कागदावर शिक्का मारला. भावाचा जीव भांड्यात पडला. तो साहेबांसाठी चहा आणायला असा पळाला, की चप्पल इथेच.

मग कुठे मी डबा उघडला. बाबा शेजारी बसले. खाता खाता माझ्या डोक्यात आलं आणि घास हातातच राहिला.

"बाबा, पण तुम्ही तर कधी लाइट वापरला नाहीत. आधी कानाने, मग तळहातानेच लावायचात टायमिंग. मग तुम्हाला ठिपका कशाला हवा होता?"

बाबांनी यंत्र जरा नीट केलं.

"मला कशाला हवाय? डॉक्टर म्हणाले, कान जाणार. त्याच दिवशी येऊन लावला. म्हटलं, माझ्यानंतर हिला कळणार कसं?"